काखमांजरी नव्हे

काखमांजरी हा शब्द मला वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हता. पुढेही कळला नसता, तर माझं पहिलं बाळंतपण बरंच सोपं गेलं असतं. काखेत उठणाऱ्या गळवाला सासूबाईंच्या गावी, रत्नागिरीकडे, हे नाव आहे. एखाद्या दुखण्याला नाव आधीच तयार असलं की मग कोणी ते दुखणं पाहायला जात नाही, नावावरच औषध चालू होतं.

आम्ही तेव्हा मुलुंडला दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहत होतो. समोरच्या बिऱ्हाडात नुकताच रंगीत टीव्ही आला होता, त्यामुळे तो काळ मला बरोबर आठवतो. हे भांडुपच्या कारखान्यात पाळीवर जायचे, मी घाटकोपरला सरकारी कचेरीत. माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली होती, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न होता सासरी व्हायचं ठरलं. सासूबाईंनी ते आनंदानेच अंगावर घेतलं, पण दुसऱ्याच्या घरी पाहुणी असल्यासारखी मी वागत होते. सांगतील ते करायचं, विचारायचं कमी. ही माझी पहिली चूक. तशी मी विचारणारी बाई आहे.

तयारी मात्र सगळी माझी. बाळंतपणाआधी मी चार याद्या केल्या होत्या. दवाखान्यात न्यायचं सामान, घरी आल्यावर लागणारं सामान, रजेच्या तीन महिन्यांत करायची कामं, आणि माझ्यामागे ह्यांनी करायची कामं. दवाखान्यातून चौथ्या दिवशी घरी आले, रिक्षातून उतरले आणि दारातच ह्यांना विचारलं, "रॉकेल आणलंत?"

"अगं, आत तर ये. बाळंतीण झालीस तरी तुझी यादी संपत नाही," हे म्हणाले. रॉकेल आणलं नव्हतं.

मुलगी लहानखुरी होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी निघताना बजावलं होतं की हिला दर दोन तासांनी पाजायचं, झोपली असली तरी उठवून पाजायचं, वजन वाढलं पाहिजे. एवढं सांगून त्या भाचीच्या लग्नाला दहा दिवस गावी गेल्या. मी एक जुनी वही काढली, समासाची रेघ ओढली आणि लिहायला लागले. वेळ, डावी की उजवी, किती मिनिटं, मुलीने ओकलं का. पहिल्याच दिवसाचं अर्धं पान भरलं.

त्याच संध्याकाळी दूध उतरलं आणि त्याबरोबर दोन्ही काखा भरून आल्या. डावीकडे जास्त. लिंबाएवढी गाठ, वर कातडी ताणलेली, हात अंगाशी मिटता येईना. हात थोडा फाकवून मी चालत होते, खांद्याला पिशवी लावल्यासारखी. गाठीच्या मध्यावर एक बारीक तपकिरी ठिपका होता. तो लहानपणापासून होता. मी त्याला तीळ समजत असे.

सासूबाईंनी पोलक्याच्या बाहीतून दोन बोटं घालून चाचपलं आणि लगेच निदान केलं. "काखमांजरी झाल्ये तुला. हिला पिकवायला लागते. पिकली की फुटते, फुटली की सुटलीस."

"दोन्ही बाजूंना एकदम?" मी विचारलं.

"जोडीनेच येते ती," त्या म्हणाल्या. त्यांचा स्वर असा होता, की मांजरीला ओळखणाऱ्या त्याच.

मग पोटीस सुरू झालं. जवस कुटायचे, पाण्यात शिजवून त्याचा लगदा करायचा, फडक्यात बांधून सोसवेल तेवढा गरम काखेत धरायचा. दिवसातून चार वेळा. त्यात बाळंतिणीचा शेक वेगळाच. खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा आणि शेपा, दारं-खिडक्या बंद. धूर वरच्या मजल्यावर गेला की वरच्या बाई खिडकीतून ओरडायच्या, "काकू, आमच्याकडे पण बाळंतपण आहे का?" सासूबाई खालून उत्तर द्यायच्या, "झालं असतं तर लाडू मिळाले असते तुम्हाला."

मी हसत नव्हते. दर दोन तासांनी मूल, मधल्या वेळात पोटीस, सकाळी मालिश आणि न्हाणं, मग शेक, मग खीर, मग पुन्हा मूल. झोप कुठे बसवायची ते मला यादीत जमेना. सलग तासभर झोप मिळाली तर मी वहीत त्याखाली रेघ मारून ठेवत असे.

सकाळचं मालिश करायला एक मालवणी बाई यायच्या. साठीच्या आसपास, उंच, हाडापेराने मजबूत. सगळी सोसायटी त्यांना मावशी म्हणायची. मुलुंड ते कांजूरमार्गपर्यंतच्या कितीतरी बाळंतिणी त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. सासूबाईंनी त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "काखेकडे जाऊ नको हो, गळू आलंय." मावशी काखा सोडून बाकी सगळं रगडायच्या. अंग पुसून कपडे घालेपर्यंत मी हात घट्ट मिटून ठेवायची. काख उघडी टाकायची लाज वाटायची, आणि दुखायचंही. त्यामुळे मावशींनी ती गाठ कधी नीट पाहिलीच नाही.

सातव्या दिवशी दुपारी पोटिसाचं फडकं काढताना सासूबाई ओरडल्या, "फुटलं! बघ, आला पू!" फडक्यावर पांढरट ओल होती. त्या ठिपक्यातून थेंब येत होता. सासूबाईंच्या तोंडावर केवढी सुटका दिसली! मला मात्र दिसलं ते एवढंच, की पांढरं काहीतरी माझ्या अंगातून येतंय आणि माझी मुलगी याच अंगाला लागते.

संध्याकाळी आम्ही दोघी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. सज्जन माणूस, ह्यांच्या घरी वीस वर्षांपासून त्यांचंच औषध. पण डॉक्टर पुरुष, मी ओली बाळंतीण, शेजारी सासूबाई, आणि पडद्यापलीकडे बाकावर सहा माणसं. सासूबाईंनी माझा पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटला. मी हात जेमतेम वीतभर उचलला. डॉक्टरांनी पोलक्याच्या बाहीवरूनच गाठ चाचपली, ओलसर डाग पाहिला, "दुखतं?" विचारलं. मी हो म्हटलं. "ताप?" संध्याकाळी थोडी कणकण असायची, ती सासूबाईंनी सांगितली. पू आलाय हेही त्यांनीच सांगितलं. डॉक्टरांनी कॅप्सूल लिहिल्या आणि म्हणाले, "परवा अकरा वाजता या. जागा बधिर करून चीर देऊ, सगळं निघून जाईल."

"मुलीला पाजायचं का?" मी विचारलं.

"पू आहे म्हणताय. दोन-तीन दिवस थांबवा. वरचं द्या."

हे वाक्य मला चीर देण्यापेक्षा जास्त लागलं. तीनच दिवसांपूर्वी वजन वाढलं पाहिजे म्हणून बजावलेलं, आणि आता थांबवा. ह्या दोन्ही सूचना एका पानावर बसत नव्हत्या. पण मी वहीत लिहिलं, 'सातवा दिवस, रात्रीपासून पाजणं बंद.'

त्या दिवसांत बाळाच्या दुधाचा डबा सहज मिळत नसे. हे पाळीहून आले तसे सायकल काढून निघाले. मुलुंडची सगळी औषधांची दुकानं झाली, भांडुप झालं, शेवटी विक्रोळीला ओळखीने एक डबा मिळाला. इतकं करून मुलगी तो घेईना. बाटलीचं रबरी बूच तोंडात धरायची, दोनदा ओढायची आणि जीभ बाहेर काढायची. सासूबाईंनी बोंडल्याने घातलं, ते नाकातून आलं. घातलेल्यातलं निम्मं ओकायची. दिवसभरात तिच्या पोटात किती राहिलं ते मी मोजायचा प्रयत्न केला आणि आकडा पाहून वही मिटली.

इकडे माझी छाती दगडासारखी झाली. सासूबाई वाटी आणून द्यायच्या आणि दाबून काढलेलं दूध मोरीत ओतायच्या. त्यांच्याही डोळ्यांत पाणी यायचं. पण काय करणार, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. आतल्या खोलीत मूल भुकेने रडतंय आणि मोरीत दूध वाहून जातंय, हे मी खाटेवर बसून ऐकत होते. तेव्हा मला राग नव्हता, रडूही नव्हतं. नुसती दमले होते. एक गोष्ट मात्र मला स्वच्छ कळत होती. तीन दिवस असंच गेलं तर माझं दूध जाईल, आणि ही मुलगी डब्यावर जगणारी नव्हे.

आठव्या दिवशी अमावस्या होती. अमावस्येला मावशी तेलाला हात लावत नसत, म्हणून त्या आल्या नाहीत.

नवव्या दिवशी सकाळी साडेआठला आल्या. मी मोरीत पाटावर बसले होते. त्यांनी पाठीला तेल लावलं आणि म्हणाल्या, "काय गो, आज तोंड असा कित्याक?"

मी सांगितलं. पाजणं बंद, डबा, अकरा वाजता चीर.

"चीर? काखेक?"

त्या पुढे काही बोलणार तेवढ्यात बाहेर मुलगी रडली. आता तिचं रडणंही बारीक झालं होतं. ते ऐकल्यावर माझ्या छातीत कळ आली, दोन्ही काखांत मुंग्या आल्या आणि डाव्या काखेतून एक थेंब निघून बरगडीवरून खाली ओघळला. उन्हाळा होता, मी तो घाम समजले. मावशींचा हात पाठीवरच थांबला.

"हात वर कर."

"मावशी, तिथे दुखतं."

"दुखांदे. वर कर बघया."

मी डोळे मिटून हात वर केला. आतापर्यंत एवढा वर कोणासमोर केला नव्हता. मावशी वाकल्या, बराच वेळ पाहत राहिल्या. मग विचारलं, "पोर रडला काय हय काय होता तुका?"

"मुंग्या येतात. आणि ताठतं."

"आणि पाजल्यार?"

"पाजलं की मऊ पडायचं. आता दीड दिवस पाजलंच नाही, म्हणून उतरतच नाहीये."

हे मी म्हणाले आणि माझं मलाच ऐकू आलं. पण अर्थ कळायच्या आत मावशींनी ठिपक्यावरचा थेंब बोटावर घेतला, नाकाशी नेला आणि मी नको नको म्हणेपर्यंत जिभेला लावला.

"पू न्हय ह्यो. दूध आसा." मग मोरीच्या दारातून त्यांनी हाक मारली, "वयनी! हिकडे येवा जरा!"

सासूबाई मुलीला खांद्यावर घेऊन आल्या. "काय झालं?"

"काय जावचा? पू घाणता. ह्या घाणता काय? घेवा, वास घेवा."

"काहीतरीच काय! डॉक्टर खुळे आहेत का?"

"डॉक्टरान काख बघल्यान?" मावशींनी मला विचारलं.

"नाही. बाहीवरून."

मावशींनी कपाळाला हात लावला. "बरा झाला. थोबाड बघूक इल्लो आणि दार बघून गेलो. कणकवलीक माझ्या भावजयीक असाच झाल्ला. दोनी काखांत. आमच्या म्हातारेन हात लावूक दिल्यान नाय कोणाक, आठ दिवसांत बसला. तुमी त्याका शेकतास, पोटीस बांधतास, म्हणजे गायीक पान्हो फोडतास! आणि पोराक डबो. काखेत कळसो नि गावाक वळसो!"

सासूबाईंचा चेहरा उतरला. मुलगी त्यांच्या खांद्यावर तोंड उघडून शोधत होती. त्या मला म्हणाल्या, "तुला काय वाटतं?"

मी त्यांना माझी वही आणायला सांगितली. ओल्या हाताने पानं उलटवली. पाचव्या आणि सहाव्या दिवसाच्या नोंदींत, मिनिटांच्या पुढे, मी स्वतःच लिहून ठेवलं होतं. 'पाजायच्या आधी डावी काख फार ताठ.' 'पाजल्यावर काख मऊ.' 'पोटिसानंतर काख जास्त दुखते.' पुन्हा, 'पाजल्यावर मऊ.' सहा ठिकाणी. मी लिहीत होते आणि वाचत नव्हते. याद्या करणाऱ्या माणसाला ही खोड असते. लिहिलं की काम झालं, असं त्याला वाटतं.

सासूबाईंनी चष्मा लावून ती सहाही ठिकाणं वाचली. मग म्हणाल्या, "अकराला जाऊच. पण या वेळी नीट दाखव. पडदा मी धरते."

त्यांनी खरोखरच धरला. दवाखान्यातला पडदा तोकडा होता, दोन्ही कडांना फट राहायची. सासूबाई स्वतः पाठ करून त्या फटीत उभ्या राहिल्या आणि कंपाउंडरला म्हणाल्या, "तू जरा बाहेर बस रे बाबा." मी पोलक्याची बाही सोडवली, हात डोक्यावर नेला आणि म्हणाले, "डॉक्टर, परवा तुम्हाला हे दिसलंच नव्हतं. आता नीट बघा. आणि हे वाचा."

डॉक्टरांनी आधी वही वाचली. मग काख पाहिली. ठिपक्याच्या बाजूला हलकेच बोट टेकवलं, कापसावर थेंब घेतला, दिव्याखाली धरला.

"मी परवाच बघायला हवं होतं," ते म्हणाले. एवढं म्हणायला डॉक्टरला काय लागतं ते मला आता, या वयात, जास्त कळतं. "चीर दिली असती तर जखम भरली नसती. दूध तिथूनच येत राहिलं असतं."

"मग हे आहे तरी काय?" पडद्याकडून सासूबाई.

त्यांनी समजावून सांगितलं. मूल आईच्या पोटात असताना त्याच्या अंगावर काखेपासून जांघेपर्यंत दोन्ही बाजूंना दुधाची एकेक रेघ असते. माणसात ती पुढे विरून जाते, छातीपुरती उरते. कोणाच्या काखेत तिचा थोडा तुकडा राहून जातो. तो स्तनाचाच भाग. एरवी कळत नाही, बाळंतपणात दूध उतरलं की तोही भरतो. कोणाला बाहेर यायला वाट असते, कोणाला नसते. "मांजरी-कुत्रीला ती पूर्ण रेघच राहते, म्हणून त्यांना पोटावर दोन रांगा असतात."

"म्हणजे मांजर खोटं नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. डॉक्टरही हसले. मला हसायला दोन सेकंद उशीर झाला, पण हसले.

मग मी विचारत गेले आणि लिहीत गेले. शेक बंद, पोटीस बंद, तिथे मालिश नाही, दाबून काढायचं नाही, कारण काढलं की अजून येतं. थंड पाण्याची घडी ठेवायची. ढगळ पोलकं घालायचं. छातीवर मुलीला नेहमीसारखं पाजत राहायचं. काखेला कोणी उत्तेजन दिलं नाही की ती आपोआप थांबते, आठ-दहा दिवस लागतात. लाल झालं, फार ताप आला, तर लगेच यायचं. कॅप्सूल बंद.

"आणि दूध? मुलीला चालेल?"

"तेच तर द्यायचंय. आत्तापासून."

आम्ही रिक्षाने घरी आलो. मावशी अजून घरातच होत्या, मुलीला मांडीवर घेऊन साखरपाण्याची चमची चाटवत बसलेल्या. त्यांना कळल्यावर एवढंच म्हणाल्या, "माका डॉक्टराक विचारूक जावचा लागला नाय." आणि चहा पिऊन पुढच्या बाळंतिणीकडे गेल्या.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण दीड दिवसात मुलीला बाटलीच्या बुचाची सवय लागली नव्हती आणि माझी ओळखही राहिली नव्हती. छातीला लावलं की दोन घोट घ्यायची आणि मान फिरवून रडायची. दूधही कमी झालं होतं. तो पहिला आठवडा मी कसा काढला ते वहीतच आहे, मला स्वतःला नीट आठवत नाही. दर दीड तासाला. डावी चार मिनिटं, रडली. उजवी सहा मिनिटं. डावी दोन, झोपली, उठवली. सासूबाई मुलीच्या तळपायाला टिचक्या मारायच्या, मी तिला उठवत असताना माझीच मान पडायची. काखेत ओल्या पंचाची घडी, वर ढगळ पोलकं, सगळं अंग आंबट वासाचं. शेगडी गॅलरीत थंड पडलेली. मुलीसाठी पुढच्या चार दिवसांत डबा रोज उघडला, मग दिवसाआड, मग तो उघडायची गरज उरली नाही. सोळाव्या दिवशी तिने डावीकडे सलग अठरा मिनिटं घेतलं. मी अठराचा आकडा लिहिला आणि बसल्या जागी भिंतीला डोकं टेकवून झोपले. तोपर्यंत काखांतल्या गाठी सुपारीएवढ्या राहिल्या होत्या.

सव्वा महिन्याने डॉक्टरीणबाईंना दाखवलं. गावाहून येऊन त्यांना बरेच दिवस झाले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन गोष्टी जास्तीच्या सांगितल्या. एक, ही गाठ पूर्ण जाणार नाही, पाळीच्या आधी थोडी फुगेल, दुखेल, घाबरायचं नाही. दोन, ती छातीचाच भाग असल्याने छातीला जे होऊ शकतं ते तिलाही होऊ शकतं, म्हणून अधूनमधून हात लावून बघायचं. टणक झाली, वाढत राहिली, तर लगेच यायचं. त्रासच होत असेल तर मुलगी दूध सोडल्यावर काढता येते, पण व्रण राहतो आणि हात काही आठवडे जड राहतो. मी ते पुढे ढकलायच्या यादीत टाकलं. नंतर कितीतरी वर्षं ते त्याच यादीत राहिलं. हात जड ठेवायला मला कधी सवडच मिळाली नाही.

रजा संपली. एवढी धडपड करून राखलेलं दूध, आणि नव्वद दिवसांनी मी सकाळी नऊला मुलीला डब्यावर सोडून कचेरीत निघाले. हे ठरलेलंच होतं, कॅलेंडरवर लिहिलेलं होतं, तरी पहिल्या दिवशी जिना उतरताना मला थांबून कठडा धरावा लागला. कचेरीत अकराच्या सुमाराला छाती भरायची, आणि बसत आलेल्या गाठीतूनही डाव्या बाहीखाली रुपयाएवढा ओला डाग यायचा. मी दोन रुमाल दुमडून आत ठेवायला लागले. शेजारच्या टेबलावरच्या बाईने एकदा विचारलं, "पंख्याखाली बसून तुला एकाच काखेत घाम कसा गं येतो?" मी म्हणाले, "माझं सगळंच अर्धवट आहे, बाई."

संध्याकाळी साडेसहाला घरी पोचायचे. सासूबाईंचा एक नियम लग्नाच्या पहिल्या दिवसापासून होता. बाहेरून आलेल्याने आधी हातपाय धुवायचे, कपडे बदलायचे, मगच घरात कशाला हात लावायचा. ह्यांनासुद्धा सूट नव्हती. त्या पहिल्या संध्याकाळी मी दारात चपला काढल्या आणि सवयीने मोरीकडे वळले. मुलगी आत रडत होती, माझ्या दोन्ही काखांत मुंग्या आल्या होत्या. सासूबाई तिला घेऊन दारातच येऊन उभ्या राहिल्या.

"कुठे चाललीस?"

"हातपाय धुते, आई."

"दुपारपासून डब्याला तोंड लावलेलं नाहीये तिने. घे आधी."

मी दाराशेजारच्या स्टुलावर, बाहेरच्या साडीतच, पर्स खांद्याला तशीच ठेवून तिला घेतलं. सासूबाईंनी दार लोटून घेतलं आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.